तिसऱ्या रांगेतलं हसू

आमच्या भोंग्याला एकच रोग आहे. त्याला वाटतं, तो विनोदी आहे.

भोंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. जन्मल्याबरोबर त्याने जो सूर लावला, तो ऐकून बाबांनीच हे नाव ठेवलं. आता डोक्यावरचे केस गेले तरी नाव काही गेलं नाही. दिवसा तो वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसतो. काचेपलीकडून माणसं ओरडतात, हा अलीकडून "बरोबर आहे साहेब, बरोबर आहे बाई" म्हणतो. उरलेल्या वेळात विनोद करतो. आणि त्या विनोदांना हसायचं खातं लहानपणापासून माझ्याकडे आहे. आई लवकर गेली, बाबा पहिल्यापासून गंभीर, घरात तिसरं होतं कोण? एवढंसं पोर विनोद करून तोंडाकडे बघत उभं राहायचं. एकदा मी दया येऊन हसले आणि कायमची अडकले.

तसं मला ते जड गेलं नाही. मी बुटांच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकाचा पाय बुटात कोंबून "अगदी तुमच्यासाठीच बनवलाय" म्हणायचं, हाच माझा धंदा. शिवाय माझी एक युक्ती आहे. आमचे हे एकदा घट्ट स्वेटरमध्ये अडकले होते. डोकं आत, दोन्ही हात वर, आणि आतून आवाज, "अगं, दिवे गेले का?" भोंग्याने विनोद केला की मी तो स्वेटर आठवते. हसू आपोआप येतं. श्रेय भोंगा घेतो. घेऊ दे बापडा.

तर या भोंग्याने नाटक लिहिलं. साधंसुधं नाही, गाण्यांचं. विषय काय, तर माणसाचं मन आणि माणसाचा अपुरेपणा! नाव ‘डोक्यातलं ऑफिस’. एका माणसाचं डोकं म्हणजे एक ऑफिस, आणि त्यात विचार हे कारकून. शंका दर कागद तीनदा तपासते. बढाई साहेबाच्या खुर्चीत बसून फोटो काढून घेते. आळस टेबलाखाली झोपलेला. पश्चात्ताप रोज उशिरा येतो, त्यामुळे त्याचा पगार कापला जातो. यातलं पश्चात्तापाचं मला जरा आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? शंकेचं काम माझ्या भावजयीकडे होतं, आणि त्यासाठी तिला अभिनय करावा लागला नाही. मालक, म्हणजे ज्याचं डोकं तो माणूस, अर्थातच भोंगा स्वतः. पडदा उघडला की सगळे मिळून म्हणायचे:

*"आत या हो, आत या, रांगेत उभे राहा,*
*विचार नवा असेल तर उद्या येऊन पाहा!"*

नाटकाचं सार असं, की चुकतो तोच माणूस, म्हणून चुकांवर प्रेम करा. आणि हे सार बसवताना भोंगा गळ्यात शिट्टी अडकवून उभा! कुणाचं पाऊल चुकलं की शिट्टी, शब्द चुकला की शिट्टी. पियानोवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनाही शिट्टी. त्या एकदा म्हणाल्या, "अहो, चूक म्हणजे माणूस ना?" तर हा म्हणतो, "हो, पण ती ठरलेल्या जागी झाली पाहिजे." भावजयीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

हॉलचा मॅनेजर मोठा रोखठोक माणूस. त्याने सांगितलं, "मी तीन रविवारच्या दुपारी देतो. लोक हसले तर पुढे चालू. नाही हसले तर त्या वेळेसाठी एक जादूगार केव्हाचा मागे लागलाय." मग भोंग्याने मला तिसऱ्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं. लोकांना म्हणे एकट्याने हसायची लाज वाटते, कुणीतरी आधी हसावं लागतं. त्याने कानाची पाळी धरली की मी सुरुवात करायची. "तुझं हसू खरं असतं ताई," तो म्हणाला, "म्हणून तर तुला सांगतोय."

पहिल्या रविवारी मी इतकी हसले की बरगड्या दुखायला लागल्या. भोंगा कान धरत होता, मी स्वेटर आठवत होते, आणि माझ्यामागून चार-सहा रांगा फिसफिसत होत्या. शेजारी आमचे हे घोरत होते. त्यांना बिचाऱ्यांना पत्ता नाही की अख्खा हॉल त्यांच्या जिवावर चाललाय. शेवटी मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे. पण शेवट कोरडा वाटतो. एखादी काळजाला हात घालणारी जागा टाका." भोंगा गप्प झाला. तो गप्प झाला की मला धास्ती वाटते.

दुसऱ्या रविवारी शेवटाला नवीन गाणं होतं. मला सांगितलेलं नव्हतं. ऑफिस सुटतं, सगळे विचार घरी जातात, दिवे मंद होतात. बाकावर एकटी बसून राहते ती एक जुनी चूक. ती कधीच घरी जात नाही. मालक तिच्या शेजारी येऊन बसतो आणि गातो. पियानो हळू. भोंग्याचा आवाज चांगला आहे, ते मान्य करायला पाहिजे.

*"बाबांनी मागितला पेपर, मी वाटेत रेंगाळलो,*
*एक विनोद सांगण्यासाठी मी शेवटाला मुकलो…"*

हे नाटकातलं नव्हतं, आमच्या घरातलं होतं. बाबा हॉस्पिटलात होते त्या सकाळी मीच भोंग्याला पेपर आणायला पाठवलं होतं. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला हा विनोद सांगत उभा राहिला. परत आला तेव्हा बाबा गेले होते. तो त्या दिवशी रडला, नंतर कधी विषय काढला नाही. मला वाटलं, विसरला. तो विसरला नव्हता. इतकी वर्षं तो ते मनात धरून बसला होता, आणि आता अनोळखी लोकांपुढे गात होता. माझे डोळे भरून आले.

आणि मग त्याने पुढची ओळ घेतली:

*"डोळे त्यांचे दाराकडे, वाट माझी पाहत होते…"*

मी हसले.

फिसकन नाही, खुदकन नाही. जे फुटलं ते पोटातून फुटलं, खो-खो. तोंडावर पर्स दाबली तरी आवरेना. भोंग्याने कान धरलेला नव्हता, मी स्वेटर आठवला नव्हता. आणि मागच्या लोकांना वाटलं, इथे हसायचं असतं. त्यांना सवयच लावली होती ना! क्षणभर थांबून सगळा हॉल फुटला. भोंगा जितका कळवळून गाईल तितके लोक हसत होते. त्याचा रडवेला चेहरा पाहून एक गृहस्थ खुर्चीवरून घसरले. आमचे हे दचकून जागे झाले आणि टाळ्या वाजवायला लागले.

मॅनेजर खूश. "यालाच म्हणतात शेवट! जादूगाराला नाही म्हणून कळवतो. अगदी अस्संच ठेवा, रडकं तोंड करायला विसरू नका."

भोंग्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंडाचा रंग पुसत बसला होता, तो रंग कधीच निघून गेला होता तरी पुसत होता. मी "अरे भोंग्या" म्हटलं, तर उठून निघून गेला.

त्यानंतर त्याने माझा फोन घेतला नाही. दार उघडलं नाही. भावजय दुकानात आली, समोरच्या स्टुलावर बसली आणि पायातला बूट न काढताच म्हणाली, "ताई, ते जेवत नाहीत. नाटक बंद करतो म्हणतात. पुन्हा कधी लिहिणार नाही म्हणतात. इतकी वर्षं एकत्र काढली, पण असं पाहिलं नाही. तुम्ही का हसलात हो?"

मी तिला काय सांगणार? सांगायचं तर भोंग्यालाच सांगायला हवं होतं, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. एक गोष्ट सांगितली तर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण त्याच गोष्टीने त्याच्या आयुष्याचा कणा मोडला असता. धोंडा बरा की मोडका कणा, हे ठरवता येत नाही म्हणून मी गप्प होते. यात माझी चूक होती असं मला नाही वाटत. तुम्ही सांगून बघा एखाद्या विनोदी माणसाला!

पण पोरगं जेवत नाही म्हटल्यावर बसवेना. मी दुकानातून अर्धा दिवस सुटी घेतली आणि सरळ वीज कंपनीत गेले. घरी तो दार उघडणार नाही, पण तक्रार खिडकीचा नियम आहे: समोर आलेल्या माणसाचं म्हणणं पूर्ण ऐकावंच लागतं. मी रांगेत उभी राहिले. पुढे एक म्हातारे होते, त्यांचं मीटर उलटं फिरत होतं. मागे पिशव्या घेतलेल्या बायका. माझी पाळी आली.

भोंग्याने मान वर केली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. काचेच्या आत त्याच्यापुढे एक छोटा माईक, बाहेर भिंतीवर त्याचा स्पीकर. आमच्या बाजूलाही एक माईक.

"काय तक्रार आहे?" स्पीकरमधून आवाज आला. ताई नाही, काही नाही.

"माझा भाऊ जेवत नाही."

"ती आमच्या खात्याची तक्रार नाही. पुढचे या."

"माझं म्हणणं पूर्ण झालेलं नाही," मी म्हटलं आणि काउंटरवर पर्स आपटली. मागची बाई म्हणाली, "बरोबर आहे, बोलू द्या त्यांना." नियम म्हणजे नियम.

मी म्हटलं, "बाबांनी पेपर मागितला नव्हता."

त्याचा हात टेबलावर तसाच राहिला.

"त्यांचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता, भोंग्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरची भिंत दिसत नव्हती, ते पेपर काय वाचणार? तुझ्या हे लक्षातच आलं नाही. तू त्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या उशाशी बसून विनोद सांगत होतास. तो उशीचा विनोद तर पुन्हा पुन्हा. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, याला काहीतरी आणायला पाठव गं, याच्या विनोदांनीच जीव जाईल माझा. मग मी पेपर सांगितला."

स्पीकरमधून फक्त खरखर.

"आणि ते दाराकडे बघत होते, ते खरं आहे," मी म्हटलं. माझा आवाज चिरकायला लागला होता. "मला विचारत होते, आला का गं? मी म्हटलं, नाही आला. तर म्हणाले, मग दार लाव. तू त्या दिवशी स्टेजवर गायलास ना, वाट माझी पाहत होते, तेव्हा मला ते ‘मग दार लाव’ ऐकू आलं. काय करणार मी? फुटले."

मागून कुणीतरी ‘फुर्र’ केलं आणि घाईघाईने खोकलं.

भोंगा काचेतून माझ्याकडे बघत होता. लहानपणी बघायचा तसाच. मग म्हणाला, "पुढे?"

"पुढे काय?"

"दार लावल्यावर. काही बोलले का?"

हाच त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. पहिल्याशिवाय तो देता येत नव्हता, म्हणून दोन्ही माझ्याकडेच पडून होते. "बोलले," मी म्हटलं. "जरा वेळ डोळे मिटून पडले. मग म्हणाले, पोरगं गुणी आहे गं. विनोदी नाही, पण फार गुणी आहे. त्यानंतर काही बोलले नाहीत."

भोंग्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. मीटरवाले म्हातारे बाजूलाच रेंगाळले होते, त्यांनी टोपी काढली. पिशव्यावाली बाई डोळे पुसत होती. मला वाटलं, मोडला कणा. आता या पोराचं काय करू?

स्पीकर खरखरला. "उशीचा विनोद त्यांना नाही आवडला?"

"नाही रे."

"कळला नसेल. आजारी होते." त्याने नाक पुसलं, माईक जवळ ओढला. "ऐक आता नीट. उशी एवढी जाड का असते? कारण ती रोज रात्री लोकांचं डोकं खाते."

वीज कंपनीच्या सगळ्या ऑफिसभर ते ऐकू गेलं. बिलं भरायच्या रांगेतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. कुणी हसलं नाही. भोंग्याचा हात हळूच कानाच्या पाळीकडे गेला आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

स्वेटर डोळ्यांपुढे आला होता. अगदी हात वर, डोकं आत. पण मी हसले नाही. जन्मात पहिल्यांदा.

"नाही ना?" तो म्हणाला.

"नाही रे भोंग्या."

"म्हणजे आजपर्यंत… तू?"

मग मी त्याला स्वेटरचं सांगितलं. काचेसमोर, सगळ्या रांगेसमोर. "दिवे गेले का" पर्यंत आले आणि भोंगा हसला. आधी नाकातून, मग तोंडातून, मग टेबलावर डोकं टेकून. मागची रांग हसली, बिलवाली रांग हसली, उलट्या मीटरवाले म्हातारे भिंतीला धरून हसले. वीज कंपनीच्या स्पीकरमधून माझा भाऊ हुंदके देत हसत होता. त्याच्या नाटकाच्या कुठल्याही प्रयोगाला इतकं हसणं कधी झालं नव्हतं.

"हे चांगलं आहे," डोळे पुसत तो म्हणाला. "हे नाटकात घेतो."

"ह्यांना कळलं तर मला घराबाहेर काढतील."

"ते झोपलेलेच असतात." मग म्हणाला, "रविवारी ये, ताई."

"हसायला?"

"नको. नुसती ये."

तिसऱ्या रविवारी मी तिसऱ्या रांगेत, पण कडेच्या खुर्चीवर बसले. हॉल भरला होता. मागच्या रविवारची बातमी गावभर झाली होती, "शेवटी एक माणूस रडतो, पोट धरून हसाल." भोंग्याने एकदाही कान धरला नाही. शिट्टी नव्हती. पश्चात्ताप खरोखरच उशिरा आला, तरी कुणी त्याला ओरडलं नाही. काही जागी लोक हसले, काही जागी नाही हसले. उशीच्या विनोदाला कुणीच हसलं नाही. होय, तो त्याने घातलाच होता. स्वभावाला औषध नसतं.

मग ते गाणं आलं. बाक, मंद दिवे, शेजारी ती चूक. लोक आधीच रुमाल तोंडाशी धरून तयार. भोंगा पेपरपाशी आला, विनोदापाशी आला, "डोळे त्यांचे दाराकडे" इथपर्यंत आला आणि हॉल फुटला. तो गात राहिला. ओळ बदलली होती:

*"डोळे त्यांचे दाराकडे, आला का गं, विचारीत होते…"*

आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळे हसत होते, आणि मी मात्र पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडत होते. बाबा गेले तेव्हा मला रडायला वेळच मिळाला नव्हता. आधी माणसांना कळवायचं होतं, मग भोंग्याला सांभाळायचं होतं, मग हसायचं होतं.

मला तसं बघून भोंगा अडला. पुढची ओळ विसरला. एका शब्दासाठी शिट्ट्या फुंकणारा आमचा भोंगा स्टेजच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभा! पियानोच्या बाईंनी ती चाल परत वाजवली. पुन्हा वाजवली. लोकांना वाटलं, हेही ठरवून केलेलं आहे. ते आणखी हसायला लागले.

भोंगा स्टेजच्या कडेशी आला, वाकला. भर हॉलमध्ये, घरात विचारावं तसं त्याने विचारलं, "ताई, पुढे काय होतं गं?"

मी उभी राहिले. नाक ओढलं, आणि रडतरडतच ओरडले, "मग दार लाव!"

छत उडेल की काय असं हसले लोक. भोंगा बाकावर जाऊन बसला आणि त्या हसण्यात, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, बाबांची ती ओळ गायला, विनोदी नाही, पण गुणी आहे. मला ऐकू गेली.

प्रयोग संपल्यावर मॅनेजर धावत माझ्याकडे आला. "बाई, झकास! ते रडणं काय खरं वाटत होतं! पुढच्या रविवारपासून दर प्रयोगाला अगदी अस्संच करायचं, त्याच जागी."